सीमेवरचा कर आणि जनतेची संमती

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आयातशुल्क लादण्याचा आणि उठवण्याचा अधिकार राज्यघटनेने कोणाला दिला आहे, आणि प्रत्यक्षात तो कोण वापरतो, हा आजचा विषय आहे. हा वकिलांचा आणि आयात-निर्यात करणाऱ्या पेढ्यांचा प्रश्न, त्यात कामगार-किसानांनी डोके कशाला घालावे, अशी शंका काही साथींच्या मनात असेल. तिचे उत्तर दोन तारखांमध्ये आहे.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी भारत सरकारच्या अर्थखात्याने एक अधिसूचना काढून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २७ ऑगस्टला, अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर गेले. अमेरिकेतील निर्णय एका माणसाच्या सहीने झाला. तेथील विधिमंडळाने, म्हणजे काँग्रेसने, त्यावर मतदान केले नव्हते. आपल्याकडील निर्णय एका अधिसूचनेने झाला. संसदेने त्यावर मतदान केले नव्हते. आणि लक्षात घ्या, १८ ऑगस्टला संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. ते २१ ऑगस्टपर्यंत चालले. सभागृह भरलेले असताना सभागृहाला न विचारता हे शुल्क उठवले गेले.

पहिल्या निर्णयाचा घाव तिरुपूरच्या होजिअरी कामगारांवर, सुरतच्या हिरे-कारागिरांवर आणि आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांवर पडला. दुसऱ्याचा घाव विदर्भ, मराठवाडा, तेलंगण आणि गुजरातमधील कापूस-उत्पादकांवर पडला. ज्यांच्यावर घाव पडला त्यांचा शब्द दोन्ही ठिकाणी कोणी विचारला नाही. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

एक खुलासा आधीच करतो. महाराष्ट्रात नगरपालिकेच्या नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या कराला आपण जकात म्हणत असू. आज मी बोलतो आहे ते देशाच्या सीमेवरील जकातीबद्दल, म्हणजे आयात-निर्यात शुल्काबद्दल.

हा हक्क कसा मिळाला

कर बसवायचा तर प्रतिनिधींच्या संमतीने, हे तत्त्व कोणा राजाने उदार होऊन दिलेले नाही. आणि त्याच्या इतिहासातला एक महत्त्वाचा झगडा नेमका आयातशुल्कावरूनच झाला. १६०६ साली इंग्लंडमध्ये जॉन बेट नावाच्या व्यापाऱ्याने मनुकांच्या आयातीवर राजा पहिला जेम्स याने परस्पर बसवलेला कर भरण्यास नकार दिला. न्यायालयाने राजाच्या बाजूने निकाल दिला. परदेशांशी व्यवहार हा राजाचा खास अधिकार. बंदरे ही राजाची दारे. तेव्हा त्या दारात काय घ्यायचे ते राजा ठरवील, असा त्या निकालाचा आशय होता. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. चार शतकांनंतर तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पार्लमेंटने हा निकाल मनाने कधीच स्वीकारला नाही. १६२८ चा हक्कांचा अर्ज, पुढे पहिल्या चार्ल्सच्या काळातील संघर्ष, यादवी युद्ध आणि अखेर १६८९ ची हक्कांची सनद, अशा वाटेने पार्लमेंटच्या मंजुरीवाचून पैसा वसूल करणे बेकायदा ठरले. अमेरिकन वसाहतींनी १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्याही याच तत्त्वावरून. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेने कर आणि आयातशुल्के बसवण्याचा अधिकार पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिला, आणि महसुली विधेयक आधी लोकप्रतिनिधींच्या कनिष्ठ सभागृहातच मांडले पाहिजे असेही बंधन घातले.

हा विजय व्यापाऱ्यांचा आणि जमीनदारांचा होता, मजुरांचा नव्हे, हे आपण विसरत नाही. ज्या सभागृहाने हा हक्क मिळवला त्यात कामगाराला मत नव्हते. अमेरिकेत तर गुलामाला माणूस म्हणूनही स्थान नव्हते. पण भांडवलदार वर्गाने स्वतःसाठी मिळवलेले हक्क पुढे श्रमिकांच्या हाती हत्यार म्हणून आले, हाही इतिहासच आहे.

हे तत्त्व ब्रिटिशांनी घरी पाळले, पण भारतात पाळले नाही. १८७९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने जाड्याभरड्या विलायती कापडावरील आयातशुल्क माफ केले. त्याच्या स्वतःच्या कार्यकारी मंडळातील बहुसंख्य सभासद विरोधात होते. दख्खनचा भीषण दुष्काळ नुकताच ओसरला होता, अफगाण युद्धाचा खर्च चालू होता, तिजोरीत खडखडाट होता. तरीही लिटनने आपला खास अधिकार वापरून मंडळाचे मत बाजूला सारले, कारण लँकेशायरच्या गिरणीमालकांना ती माफी हवी होती. १८८२ मध्ये बहुतेक सर्वच आयातशुल्के उठवण्यात आली. १८९४ नंतर पैशाच्या गरजेपोटी शुल्क परत आले. पण १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क बसवताना भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तितकाच उत्पादनकर लादण्यात आला, म्हणजे संरक्षण शून्यच राहिले.

तो उत्पादनकर तीस वर्षे टिकला. तो कसा गेला ते मुंबईच्या कामगारवर्गाने विसरता कामा नये. १९२५ साली गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कराचे ओझे पुढे केले. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. महिनोन् महिने गिरण्या बंद राहिल्या. डिसेंबर १९२५ मध्ये सरकारला उत्पादनकर स्थगित करावा लागला. मालकांनी कपात मागे घेतली. कर उठल्याचा फायदा मालकांच्या खिशात गेला, पण तो उठला कामगारांच्या संपामुळे. कायदेमंडळात ज्यांना आवाज नव्हता त्यांनी रस्त्यावरून आयात-उत्पादन कराच्या धोरणात हस्तक्षेप केला.

या इतिहासातला एक धडा पुढील विवेचनासाठी हाताशी ठेवा. कार्यकारी सत्ता मनमानी करते ती केवळ कर वाढवून नव्हे. लिटनची मनमानी कर उठवण्याची होती.

अमेरिकेतील निकाल आणि त्याची मर्यादा

आता अमेरिकेकडे वळू. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यापर्यंत काँग्रेस शुल्काचे दर वस्तुवार स्वतःच ठरवत असे. १९३४ पासून तिने हे काम करारांच्या निमित्ताने अध्यक्षाकडे सोपवायला सुरुवात केली. पुढे १९६२ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने, १९७४ च्या कायद्याने अन्याय्य व्यापाराच्या आणि परकीय देण्याघेण्यातील तुटीच्या नावाने अध्यक्षाला शुल्क वाढवण्याचे अधिकार दिले. त्या प्रत्येकाला काही ना काही बांध होता. चौकशी झाली पाहिजे, अहवाल आला पाहिजे, किंवा दराची आणि मुदतीची मर्यादा पाळली पाहिजे. उदाहरणार्थ, तुटीच्या कारणासाठी १५ टक्क्यांहून जास्त नाही आणि १५० दिवसांहून जास्त नाही. पुढे चालू ठेवायचे तर काँग्रेसचा कायदा हवा. ही मर्यादा उगीच आली नव्हती. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सनने डॉलरच्या संकटात शुल्कपात्र आयातीवर १० टक्के अधिभार लादला होता, त्या अनुभवानंतर ती आली.

या सगळ्या बांधांना वळसा घालण्यासाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ मध्ये १९७७ चा आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायदा बाहेर काढला. शत्रुराष्ट्रांची मालमत्ता गोठवणे, आर्थिक निर्बंध घालणे यासाठी तो वापरला जाई. त्यात आयातीचे ‘नियमन’ करण्याचा उल्लेख आहे. शुल्काचा शब्दही नाही. त्याआधी कोणत्याही अध्यक्षाने त्याच्या आधारे शुल्क लादले नव्हते. आधी कॅनडा, मेक्सिको आणि चीन, मग २ एप्रिल २०२५ ला जवळजवळ सारे जग, आणि ऑगस्टमध्ये भारत. भारतावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के, आणि रशियाकडून तेल घेतल्याचा दंड म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एका सार्वभौम देशाने तेल कोणाकडून घ्यावे हे ठरवण्यासाठी आयातशुल्काचा चाबूक उगारला गेला. साम्राज्यवादाचे याहून उघडे रूप कोणते दाखवावे?

सरकारी वकिलांनी न्यायालयात काय सांगितले? हा महसुलासाठी घेतलेला कर नव्हे. परराष्ट्र व्यवहारातील नियमनाचे हे साधन आहे, आणि परराष्ट्र व्यवहार हे अध्यक्षाचे क्षेत्र आहे. कॉम्रेड्स, १६०६ च्या मनुकांच्या खटल्यातील युक्तिवाद तो हाच.

खालच्या दोन न्यायालयांनी मे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिले. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. १९७७ च्या कायद्याने अध्यक्षाला शुल्क लादण्याचा अधिकार मिळत नाही. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे आणि ‘नियमन’ या शब्दाच्या पोटात तो लपवता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो लिहिला.

या निकालाचे मोल कमी लेखू नये. पण त्यावर भाबडेपणाने हुरळून जाण्याचेही कारण नाही. न्यायालयात गेले होते कोण? खेळणी आणि मद्य आयात करणाऱ्या कंपन्या आणि बारा राज्यांची सरकारे. बंदरावर शुल्काचा भरणा आयातदार करतो. म्हणून परताव्याचा दावाही आयातदाराचाच. ज्या कामगार कुटुंबांनी दुकानात चढ्या भावाने माल घेतला त्यांना परतावा मागण्यास जागाच नाही. तिरुपूरमध्ये ज्याची पाळी बंद झाली त्याची मजुरी तर कोणत्याही न्यायालयाच्या हिशेबात नव्हती. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील शुल्के १९६२ च्या कायद्याखालची. त्यांना या निकालाने हात लागला नाही. आणि निकालाच्याच दिवशी अध्यक्षांनी १९७४ च्या कायद्याचे ते १५० दिवसांचे कलम पुढे करून सर्व देशांवर नवे १० टक्के शुल्क जाहीर केले. एक दार बंद झाले, दुसरे उघडले गेले.

मग काँग्रेस काय करत होती, असे कोणी विचारील. आणीबाणीची घोषणा रद्द करण्याची वाट तिला आहे. पण १९८३ च्या एका निकालानंतर असा ठराव अध्यक्षाच्या सहीवाचून लागू होत नाही. अध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत. म्हणजे अधिकार देताना साधे बहुमत पुरते आणि परत घेताना दोन-तृतीयांश लागते. अधिकार एकदा कार्यकारी सत्तेच्या हाती गेला की तो परत मिळवणे किती अवघड असते याचे हे उदाहरण आहे.

आपल्या घरातील दोन दारे

अमेरिकेवर टीका करणे सोपे आहे. आपल्या घरात काय आहे ते पाहू.

आपल्या राज्यघटनेचे कलम २६५ एका वाक्याचे आहे. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, हा त्याचा अर्थ. सीमाशुल्क हा विषय सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत, ८३ व्या नोंदीत आहे. करविषयक विधेयक हे धनविधेयक; ते लोकसभेतच मांडले जाते. म्हणजे तत्त्व तेच, आणि परकीय सत्तेशी झगडून मिळवलेले.

आता १९७५ चा सीमाशुल्क दरांचा कायदा पाहा. त्याच्या ८-अ कलमाने तातडीच्या परिस्थितीत आयातशुल्क वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. पण त्याला कडी आहे. अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते, आणि ठरलेल्या मुदतीत ठराव मांडून संसदेची मान्यता मागावी लागते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावले गेले ते याच कलमाखाली. अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटांनी प्रसिद्ध झाली; त्याआधीच अटारीच्या नाक्यावर ज्यांची कागदपत्रे दाखल झाली होती त्यांच्याकडूनही वाढीव शुल्क मागण्यात आले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी नाकारली. राष्ट्रभावना कितीही प्रक्षुब्ध असो, कर कोणत्या क्षणापासून लागू होतो हे कायद्याने ठरते, असा त्याचा अर्थ झाला.

हे वाढीचे दार. आता घटीचे दार पाहा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे २५ वे कलम सांगते की ‘लोकहितासाठी’ आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार अधिसूचनेने कोणत्याही मालावरील शुल्क पूर्णतः किंवा अंशतः माफ करू शकते. या अधिसूचनेला संसदेची मान्यता लागत नाही. १५९ व्या कलमाप्रमाणे ती सभागृहांच्या पटलावर ठेवली जाते. ती बदलायची किंवा रद्द करायची तर दोन्ही सभागृहांचे एकमत हवे. म्हणजे शुल्क वाढवताना सरकारला संसदेची संमती मागावी लागते. माफ करताना संसदेला उठून विरोध करावा लागतो. एका दाराला कडी आहे, दुसरे सताड उघडे आहे.

असे का? यामागे एक जुनी समजूत आहे. कर म्हणजे प्रजेवरील ओझे; ओझे वाढवताना प्रजेला विचारा, कमी करताना विचारण्याची गरज काय? राज्यघटनेच्या ११७ व्या कलमातही हीच दृष्टी दिसते: करविषयक विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, पण कर कमी करणाऱ्या दुरुस्तीला लागत नाही. घरगुती करांच्या बाबतीत ही दृष्टी रास्त आहे. पण सीमेवरील शुल्क हे केवळ ओझे नसते. ते अनेकदा छोट्या उत्पादकाच्या शेतासमोरचे कुंपणही असते. कुंपण काढणे ही सर्वांना दिलेली सवलत नव्हे. ती एकाला दिलेली सवलत आणि दुसऱ्यावर घातलेला घाला असतो. १८७९ साली लिटननेही सवलतच दिली होती.

कापसाचे उदाहरण घ्या. कापसावरील ११ टक्के शुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पातून आले होते: ५ टक्के मूळ शुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत विकास उपकर आणि त्यावरील अधिभार. ते बसवताना वित्त विधेयक संसदेत आले, मतदान झाले. ते उठवताना एक अधिसूचना पुरली. पहिली मुदत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत होती. संसद उठल्यावर एका आठवड्यात, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. कापसाची वेचणी सुरू होते ऑक्टोबरात, आणि गाड्या बाजारात लागतात नोव्हेंबर-डिसेंबरात. नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी गाठींना मोकळी वाट मिळाली. त्या हंगामाची किमान आधारभूत किंमत मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होती. ज्याला सरकारी खरेदी केंद्रापर्यंत माल नेता येत नाही, किंवा ओलाव्याचे कारण दाखवून ज्याचा माल परत पाठवला जातो, त्याला बाजारात मिळेल तो भाव घ्यावा लागतो. आणि बाजारभावावर दडपण आणणारा निर्णय आधीच झालेला होता.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या शुल्काने वस्त्रोद्योग संकटात आला होता. स्वस्त कापूस मिळाला तर तिरुपूरच्या कामगाराची नोकरी टिकेल, असे सांगितले गेले. त्या कामगाराची भीती खरी होती. ती आपण झटकून टाकत नाही. पण नीट पाहा, काय घडले. वॉशिंग्टनच्या एका सहीने कारखानदाराच्या नफ्यावर घाव पडला. कारखानदाराने दिल्लीकडे भरपाई मागितली. दिल्लीने ती स्वतःच्या तिजोरीतून, रोजगार टिकवण्याची अट घालून दिली असती तर गोष्ट वेगळी. तिने आयात खुली केली आणि तिची किंमत कापूसवाल्यावर टाकली. गिरणीमालकावर मात्र एकही कामगार न काढण्याचे बंधन घातले नाही. कामगाराचे संकट पुढे करून किसानाचे कुंपण मोडले, आणि कामगारालाही कोणती हमी मिळाली नाही. हा सौदा संसदेत मांडावा लागला असता तर हे प्रश्न विचारले गेले असते, उत्तरे नोंदली गेली असती, कोणी कशाला मत दिले ते गावागावात सांगता आले असते. अधिसूचनेला असे कोणी उत्तरदायी नसते.

हीच रीत डाळींची. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली गेली आणि मुदतीमागून मुदत वाढवत ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू राहिली. नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क लागले, तोवर तूर आणि हरभरा पिकवणाऱ्यांचे नुकसान होऊन गेले होते.

करारांचा मार्ग

तिसरी वाट परराष्ट्र करारांची. आपल्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची मंजुरी सक्तीची नाही. कलम २५३ संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देते. पण करार करताना संसदेला विचारलेच पाहिजे असे ते म्हणत नाही. १९९४ मध्ये माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली ती अशीच. २००९ चा आसियान राष्ट्रांशी झालेला करारही असाच. केरळच्या रबर आणि मिरी उत्पादकांनी त्याविरुद्ध तीव्र लढा दिला. राज्य सरकारने विरोध नोंदवला. शेती हा राज्यसूचीतील विषय. पण शेतमालाचे भवितव्य ठरवणाऱ्या करारात राज्याच्या शब्दाला किंमत नव्हती. करारातले कमी दर अमलात आले ते त्याच २५ व्या कलमाच्या अधिसूचनांनी.

सर्वांत ताजे उदाहरण फेब्रुवारी २०२६ चे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भारत आणि अमेरिका यांनी अंतरिम व्यापार कराराच्या चौकटीचे संयुक्त निवेदन काढले. अमेरिका भारतीय मालावर १८ टक्के शुल्क लावील आणि भारत अमेरिकेच्या औद्योगिक मालावरील, तसेच सोयाबीन तेल, लाल ज्वारी, मक्यापासूनचे पशुखाद्य, फळे अशा अनेक शेतमालांवरील शुल्क उठवील किंवा कमी करील, असे त्यात होते. संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन तेव्हाही चालूच होते. मतदान तेव्हाही झाले नाही. आणि दोन आठवड्यांनी, ज्या कायद्याच्या धाकाने या सवलती उकळल्या गेल्या, त्या कायद्याखाली शुल्क लादण्याचा अधिकारच अध्यक्षाला नव्हता, असे त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. माळवा आणि मराठवाड्यातील सोयाबीनवाल्याच्या पदरचे दान कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या पोकळ धमकीपुढे देऊ केले, हे विचारण्याचा हक्क देशाला आहे की नाही?

दोन आक्षेप

दोन आक्षेपांना थोडक्यात उत्तर देतो.

पहिला आक्षेप: आपण आयातशुल्काचे कैवारी आहोत काय? नाही. ९ जानेवारी १८४८ रोजी ब्रुसेल्समध्ये मार्क्सने मुक्त व्यापारावर भाषण केले. संरक्षक शुल्क आणि मुक्त व्यापार या दोन्ही भांडवलदार वर्गाच्याच गरजा आहेत, हे त्याने दाखवून दिले. शुल्क असावे की नसावे याचे सर्वकालीन उत्तर आपल्याकडे नाही. खाद्यतेल महागले तर शहरातील मजुराला कमी शुल्क हवे असते; तेलबिया पिकवणाऱ्याला ते नको असते. प्रश्न आहे तो कोणत्या वर्गाच्या हितासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली निर्णय होतो याचा.

दुसरा आक्षेप: संसदेत सत्ताधारी पक्षाचेच बहुमत, तेथे प्रश्न नेऊन काय साधणार? हे खरे आहे की संसद ही श्रमिकांची सत्ता नव्हे. पण बंद खोलीतील सही आणि उघड्या सभागृहातील मतदान यांत फरक आहे. मतदानासाठी तारीख लागते, आणि तारीख कळली की मोर्चा निघतो. कापूस पट्ट्यातील खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या मतदारांसमोर हात वर करावा लागतो. जनतेच्या दडपणाला जागा मिळते ती तेथे. २०१९ च्या नोव्हेंबरात आशियाई देशांच्या प्रादेशिक व्यापक व्यापार करारातून भारताला माघार घ्यावी लागली. त्यामागे देशभरच्या किसान संघटनांचे, दूध-उत्पादकांचे दडपण होते. संसदेचा दंडक असता तर असे दडपण दरवेळी अधिक सहज उभे राहिले असते.

आपली मागणी

तेव्हा आपली मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.

पहिली, शेतमाल आणि छोट्या उत्पादकांच्या मालावरील शुल्कमाफीलाही ८-अ सारखीच कडी लावा. ठरलेल्या मुदतीत संसदेची मान्यता मिळाली नाही तर माफी आपोआप रद्द झाली पाहिजे. दुसरी, कोणताही व्यापार करार सहीपूर्वी संसदेत मांडून त्यावर मतदान झाले पाहिजे, आणि शेतीचा संबंध असेल तेथे राज्यांशी विचारविनिमय बंधनकारक झाला पाहिजे. तिसरी, ज्या उद्योगाला शुल्कमाफी मिळते त्याच्यावर रोजगार आणि मजुरी टिकवण्याची अट घातली पाहिजे. चौथी, उपकराच्या नावाने गोळा होणारे सीमाशुल्क राज्यांच्या वाट्यातून वगळले जाते, ते थांबले पाहिजे. शेतीच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब राज्यांना मिळालाच पाहिजे.

या मागण्या केवळ निवेदनात लिहून भागणार नाही. किसान सभेच्या साथींनी कापूस, सोयाबीन, तूर यांच्या खरेदीच्या हंगामाआधीच त्या मालावरील शुल्काची स्थिती काय आहे, माफीची मुदत केव्हा संपते, याची माहिती गावात पोचवावी. कामगार संघटनांनी वस्त्रोद्योगातील कामगारांत हा विषय न्यावा. कापूसवाला आणि कापड-कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव तेथेच मोडावा लागेल. महाराष्ट्राबाहेर, सुरतेत, इंदुरात, हैदराबादेत, बेळगावात काम करणाऱ्या मराठी साथींवर याची विशेष जबाबदारी आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे एक टोक गावच्या शेतात असते आणि दुसरे कारखान्याच्या पाळीत. हे दोन्ही प्रश्न एकाच घरातले आहेत हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगू शकेल?

मनुकांवरच्या करापुढे जॉन बेट हरला, पण ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याचे म्हणणे कायदा बनले. १९२५ च्या संपकऱ्यांना कायदेमंडळात जागा नव्हती, पण त्यांनी सरकारला कर मागे घ्यायला लावला. सीमेवरचे दार राजाचे नाही, व्हाइसरॉयचे नाही, अध्यक्षाचे नाही आणि अर्थखात्याचेही नाही. त्याची किंमत जे मोजतात त्यांच्या संमतीवाचून ते उघडता किंवा लावता कामा नये, एवढेच आपले म्हणणे आहे. आणि ते मान्य करून घेण्यासाठी लढा संघटित करणे हे आपले काम आहे.